काडतुसांची टंचाई आणि स्वावलंबनाची मर्यादा

ज्या देशात माणसांपेक्षा बंदुकांची संख्या अधिक, त्याच देशात बंदुकीत घालावयास काडतूस मिळू नये, हा चमत्कारिक विरोधाभास २०२० पासून पुढची दोन-अडीच वर्षे अमेरिकेने अनुभवला. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकन नागरिकांपाशी सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका आणि पिस्तुले होती. लोकसंख्या तेव्हा ३३ कोटींच्याही आत होती. इतक्या शस्त्रांचा हा धनी काडतुसांच्या एकेका डब्यासाठी दुकानापुढे रांग लावू लागला. माणशी एक किंवा दोन डबे, अशा पाट्या लागल्या. करोनाच्या साथीपूर्वी नऊ मिलिमीटर पिस्तुलाचे जे काडतूस सुमारे वीस सेंटला मिळे, त्याला २०२१ च्या आरंभी साठ-सत्तर सेंट मोजावे लागत होते. तेही मिळाले तर.

या टंचाईत एक वर्ग तरी निर्धास्त असावयास हवा होता. हा वर्ग म्हणजे आपली काडतुसे घरच्या घरी, गॅरेजमधल्या बाकावर बसून भरणाऱ्या हौशी नेमबाजांचा आणि शिकाऱ्यांचा. वापरलेली काडतुसे पुन्हा भरण्याचा हा उद्योग अमेरिकेत लाखो लोक करतात. काटकसर हे त्याचे सांगण्याचे कारण. पण त्यामागे एक अभिमानही असतो. दुकानदार, कारखानदार आणि सरकार या तिघांवर अवलंबून न राहता आपली गरज आपण भागवतो, असा तो अभिमान आहे. प्रत्यक्षात टंचाईचा सर्वांत दीर्घकाळ टिकलेला फटका बसला तो याच वर्गाला. तयार काडतुसे दुकानांत पुन्हा दिसू लागली, तरी सुटे साहित्य दिसेना. असे का झाले हे समजून घेणे एका परक्या देशातील छंदाच्या कुतूहलापुरते मर्यादित नाही. ‘स्वावलंबन’ हा शब्द सढळपणे वापरणाऱ्या प्रत्येक देशाच्या संरक्षण खात्याला त्यातून काही उमजण्यासारखे आहे.

काडतूस ही वस्तू दिसते एक. पण ती असते चार वस्तूंची जुळणी. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली स्फोटक टोपी म्हणजेच प्रायमर, पोटात भरलेली बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बंदूक झाडली की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते; पुंगळी मात्र मागे उरते. चौघींत घडवायला सर्वांत खर्चिक तीच, आणि ती अनेकदा वापरता येते. पुनर्भरणाचे सारे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, फुटकी टोपी काढायची, साच्यात दाबून पुंगळीचा फुगलेला आकार पूर्ववत करायचा, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. काम कंटाळवाणे आहे आणि त्यात बेसावधपणा चालत नाही. पण ते अवघड नाही.

१८५७ च्या उठावामुळे काडतूस हा शब्द भारतीय स्मृतीत कायमचा बसला आहे. परंतु ते काडतूस म्हणजे दारू आणि गोळी गुंडाळलेली, चरबी लावलेली कागदाची सुरळी होती. सुरळी हातांनी वळता येई आणि गोळी साच्यात ओतता येई. तेव्हाही बंदुकीच्या घोड्याखाली बसवायची ठिणगीची टोपी मात्र वेगळी लागे, आणि ती कारखान्यातूनच यावी लागे. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणाचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. तेव्हापासून बंदूकधाऱ्याच्या हातून अग्नी निसटला तो निसटलाच. गारगोटी कुठेही मिळे. स्फोटक टोपी तशी मिळत नाही.

पुढे १८६० च्या दशकात धातूची पुंगळी रूढ झाली आणि टोपी तिच्या बुडातच बसू लागली. तिच्या दोन पद्धती निघाल्या. एक वुलिचच्या शस्त्रशाळेतील इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डन याची. गंमत अशी की, इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची पद्धत युरोपने. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई घातली की फुटकी टोपी सहज बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत ऐरण पुंगळीतच घडवलेली आणि तिच्या बाजूला बारीक भोके, त्यामुळे टोपी उचकटणे जिकिरीचे होते. काडतुसे पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत रुजला आणि इतरत्र तितका फोफावला नाही, याला कायद्यांइतकेच ते एक भोकही कारणीभूत आहे.

हा उद्योग वाढलाही टंचाईच्याच पोटी. १८७० च्या दशकात पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात बायसनांची कत्तल करणारे शिकारी दुकानांपासून शेकडो मैल दूर असत. ते शिसे, दारू आणि टोप्या बरोबर बाळगून तळावरच काडतुसे भरत. दुसऱ्या महायुद्धात नागरी बाजारातून गोळ्या नाहीशा झाल्या, तेव्हा कॅलिफोर्नियातील फ्रेड हंटिंग्टन याने वापरलेल्या पॉइंट बावीसच्या पुंगळ्यांपासून गोळीवरचे वेष्टन दाबून काढण्याचा साचा बनवला. १९४३ मधील त्या घरगुती धंद्यातूनच आरसीबीएस ही पुनर्भरणाची यंत्रे बनवणारी प्रसिद्ध कंपनी उभी राहिली. शिसे वितळवता येते, पितळ वेचता येते, साचा घडवता येतो. या साऱ्या इतिहासात घरी बनवण्याचा खटाटोप सहसा कोणी केला नाही तो टोपीचा आणि दारूचा.

साथीपूर्वी हिशेब सरळ होता. हजार टोप्यांचा डबा तीस-पस्तीस डॉलरना, म्हणजे टोपीमागे तीन-साडेतीन सेंट. दारू त्याहून थोडी कमी, गोळीचे सात-आठ सेंट, पुंगळी फुकट. वीस सेंटचे काडतूस बारा-तेरा सेंटला पडे. यंत्राला काहीशे डॉलर लागत, ते काही हजार काडतुसांत वसूल होत. अर्थात या वर्गात एक जुना विनोद आहे की, पुनर्भरणाने पैसे वाचत नाहीत, त्याच पैशांत गोळ्या अधिक झाडल्या जातात. तो बराचसा खरा असावा. २०२१ मध्ये हा हिशेब कोलमडला. हजार टोप्यांना शंभर डॉलर हा भाव लोक स्वस्त मानू लागले; खाजगी विक्रीत दीडशे-दोनशे डॉलरही मागितले गेले. २०२३ नंतर टोप्या दुकानांत पुन्हा नियमित दिसू लागल्या, पण तीन सेंटचा भाव काही परतला नाही.

टंचाई का पडली, याचे पहिले उत्तर भीती हे आहे, आणि ते सर्वांना माहीत आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आले तेव्हा नवे निर्बंध येणार या धास्तीने काडतुसे नाहीशी झाली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेल्यावर पुन्हा तेच घडले. पॉइंट बावीसचे साधे काडतूस, ज्यावर तिकडची मुले नेम धरावयास शिकतात, पुढे कित्येक महिने दुर्मीळ राहिले. या काडतुसाची टोपी पुंगळीच्या कडेतच भरलेली असल्यामुळे ते पुन्हा भरताही येत नाही. त्या काळात अफवांचे पीक आले. अंतर्गत सुरक्षा खाते मुद्दाम बाजारातील माल उचलत आहे, अशी एक अफवा होती. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने चौकशी करून जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात खात्याच्या खरेदीत तसे असाधारण काही आढळले नाही. मिसुरीतील हर्क्युलेनियम येथील शिशाची शेवटची मोठी प्राथमिक भट्टी २०१३ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा गोळ्याच बंद पाडण्याचा हा कट असल्याचे सांगितले गेले. वास्तविक गोळ्यांचे शिसे मुख्यतः जुन्या बॅटऱ्यांतून परत मिळवलेले असते. उत्तर भारतात नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपल्याची आवई उठली आणि लोकांनी मिठाची पोती घरी नेली, हे ज्यांच्या स्मरणात आहे त्यांना या मानसिकतेचे नवल वाटू नये. साठा करणारा प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणाच असतो.

२०२० मध्ये साथ, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरचा क्षोभ आणि अध्यक्षीय निवडणूक ही तिन्ही निमित्ते एका वर्षात एकवटली. शस्त्रखरेदीपूर्वी होणाऱ्या पार्श्वभूमी-तपासण्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होत्या, त्या २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. बंदूक-व्यवसायाच्या संघटनेच्या अंदाजाने त्या वर्षी सुमारे ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा शस्त्र घेतले. यांतील प्रत्येकाने पन्नास-पन्नास काडतुसांचे अवघे दोन डबे घेतले असे धरले, तरी ती ८४ कोटी काडतुसे होतात. यात कसली साठेबाजी नाही. नव्या बिऱ्हाडाने घेतलेले पहिले वाणसामान म्हणावे इतकीच ती खरेदी आहे.

परंतु केवळ मागणीकडे बोट दाखवून भागत नाही. मागणी वाढली की पुरवठा वाढावा, हा बाजाराचा नियम येथे दोन-तीन वर्षे का चालला नाही? याचे कारण आधीच्या सुबत्तेच्या काळात आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची भीती ओसरली आणि खरेदीही ओसरली. लोकांनी आधीच्या घबराटीत साठवलेला माल वापरावयास काढला. रेमिंग्टनसारखी दोनशे वर्षांची परंपरा सांगणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि जुलै २०२० मध्ये पुन्हा. म्हणजे देश काडतुसांसाठी टाहो फोडत असताना त्याच्या प्रमुख काडतूस-कारखान्यांपैकी एक दिवाळखोरीच्या न्यायालयात होता. भीतीच्या लाटेवर नवा कारखाना उभारावा आणि तो चालू होईपर्यंत लाट ओसरावी, हा अनुभव घेतलेले व्यवस्थापक पुढच्या लाटेला तिसरी पाळी सुरू करतात, नवी इमारत बांधत नाहीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी बसून वेगळा निर्णय घेणे तितके सोपे नाही.

त्यातही टोपीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत टोप्यांची नाममुद्रा मुख्यतः चार: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. २०२० मध्ये दिवाळखोर रेमिंग्टनचा काडतूस-विभाग व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने सुमारे ८ कोटी १० लाख डॉलरना घेतला, तेव्हा चारांपैकी तीन नाममुद्रा एका घराण्यात आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो सारा काडतूस-व्यवसाय चेकोस्लोवाक ग्रुप या युरोपीय समूहाने सुमारे २२२ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतला. चौथी नाममुद्रा ऑलिन कंपनीची, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून अमेरिकी लष्कराचा लेक सिटी येथील मुख्य लघुशस्त्र-काडतूस कारखानाही तीच चालवते. टोपीत भरायचे शिशाच्या स्फोटक क्षाराचे मिश्रण ओले असतानाच हाताळावे लागते, कारण सुकल्यावर ते घर्षणानेही पेटते. ही कला कुशल कामगार वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकतात. असा विभाग रातोरात दुप्पट करता येत नाही, आणि नव्याने उभारावयास परवाने, जागा आणि वर्षे लागतात.

आता या चार नाममुद्रांचे मालक स्वतः तयार काडतुसेही विकतात, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे सुटते. टोपी तीन सेंटला सुटी विकावी, की साठ सेंटच्या काडतुसात बसवून विकावी? टोप्या अपुऱ्या असताना या प्रश्नाचे उत्तर कोणताही कारखानदार एकच देईल. तेच त्यांनी दिले. पुनर्भरण करणाऱ्यांमध्ये याला कारस्थान म्हणण्याची प्रथा पडली, पण हा साधा व्यापार होता. ज्या वस्तूवर ग्राहकाचे स्वावलंबन टेकलेले होते ती वस्तू त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्याच हाती होती, आणि ते सुबत्तेच्या काळात दिसत नव्हते एवढेच. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२१ पासून, नाव्हाल्नी विषप्रयोग प्रकरणी लादलेल्या निर्बंधांमुळे रशियन काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने बंद झाले. पोलादी पुंगळीची, बर्डन टोपीची ती काडतुसे पुन्हा भरण्याच्या दृष्टीने निरुपयोगी होती. परंतु स्वस्त होती, आणि त्यांवर भागवणारे लाखो ग्राहक आता पितळी काडतुसांच्या रांगेत येऊन उभे राहिले.

टोप्यांची ओढ सैल होऊ लागली तोच दारूची सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि वर्षभरात साऱ्या जगाला कळून चुकले की, तोफगोळ्यांचे युद्ध हा इतिहासजमा झालेला प्रकार नव्हे. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मुदत संपली तेव्हा सुमारे निम्मेच पोचले होते. कारण पोलादाच्या तुटवड्याचे नव्हते. तोफेच्या मागे जळणारी दारू आणि सशाच्या शिकारीच्या काडतुसातली दारू यांचे मूळ द्रव्य एकच: नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाचा संस्कार केलेला कापूस. अमेरिकी लष्कराला ते पुरवणारा देशांतर्गत कारखाना एकच, व्हर्जिनियातील रॅडफर्डचा, १९४१ साली युद्धाच्या तयारीत उभारलेला. हौशी माणसाच्या बाकावरचे दारूचे डबे पाहिले तर त्यांवरचे नाव अमेरिकन असते, पण आतला माल ऑस्ट्रेलियातील मलवाला किंवा कॅनडातील व्हॅलीफील्ड येथला असू शकतो. हे सारे कारखाने आपापल्या देशांच्या सैन्यांनाही दारू पुरवतात.

२०२४ च्या आरंभी व्हिस्टाने जगभरच्या दारूटंचाईचे कारण देऊन काडतुसांचे भाव एप्रिलपासून वाढवले, आणि त्याच वर्षी तिच्या अलायंट या नाममुद्रेने सुट्या दारूचे डबे पाठवणे काही काळ थांबवले. खारकीव्हच्या बाहेर तोफेपाशी उभा असलेला सैनिक आणि ओहायोतील आपल्या गॅरेजमध्ये बसलेला निवृत्त गृहस्थ एकाच रांगेत उभे होते, आणि रांगेत गृहस्थाचा नंबर शेवटचा होता. तो तसा असावयास हवा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण रांग आहे हेच त्याला तोवर ठाऊक नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रण आणले आणि डिसेंबरात अमेरिकेला होणारी निर्यात बंदच केली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी वर्षभरासाठी स्थगित झाली. अँटिमनी शिसे कठीण करण्यास लागते आणि टोपीच्या मिश्रणातही लागते. म्हणजे गोळी आणि टोपी दोन्हीकडून चिमटा बसला.

या काळात लोकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. पुष्कळांनी शहाणपणाचे मार्ग काढले: मंडळाच्या वतीने एकत्र खरेदी, एकाजवळच्या टोप्या आणि दुसऱ्याजवळची दारू यांची अदलाबदल, चाकाच्या तोलाला लावतात त्या शिशाच्या तुकड्यांपासून ओतलेल्या गोळ्या, हवेच्या बंदुकीवर किंवा काडतुसाविना केलेला सराव. काही नेमबाजांनी कमी गोळ्या झाडून नेम सुधारल्याचेही सांगितले, ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण काहींनी एका दारूच्या जागी दुसरी, अंदाजाने, घालून पाहिली. टोप्याही घरीच बनवण्याचे प्रयोग झाले. ज्या कामात एक चिमूट जास्त पडली तर बंदुकीची नळी फुटते, तेथे टंचाईने अधीर झालेला हात ही काटकसर नसते. लहान गावांच्या पोलीस दलांनी सरावाचे तास कमी केले, ही त्याहून गंभीर गोष्ट होती.

बंदुकांना विरोध करणाऱ्यांपैकी काहींना या टंचाईत एक आशा दिसली होती. काडतुसे महाग होतील तर हिंसाही कमी होईल, असा त्यांचा तर्क होता. दुकाने रिकामी असलेल्या त्या २०२० मध्येच अमेरिकेतील खुनांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढली. वाढीची कारणे अनेक आहेत. पण तर्क कोठे चुकतो ते स्पष्ट आहे. खुनाला एक-दोन काडतुसे पुरतात. हजारो लागतात ती सरावाला. भाववाढीची झळ लागते ती नेम नीट धरावयास शिकणाऱ्याला; ज्याला नेमाची फिकीर नाही त्याला ती लागत नाही. एक लाभ मात्र झाला, तो कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी. काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर आहे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो वन्यजीव-संरक्षणाकडे जातो. घबराटीच्या वर्षांनंतर राज्यांना या निधीतून मिळालेल्या रकमा विक्रमी ठरल्या.

भारतातील परिस्थिती निराळी आहे. येथे परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील ते लिहिलेले असते, आणि परवान्याविना काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. कोकणातील ठासणीच्या बंदुकीचा परवानाधारक शेतकरी रानडुकरे हाकलताना बार भरतो, तेवढेच घरगुती भरण. आणि त्यालाही दारू व टोपी बाहेरूनच आणावी लागते. पण अमेरिकन गॅरेजमधला प्रश्न येथे सरकारी प्रमाणावर उभा राहिला होता. महालेखापालांच्या २०१७ मधील अहवालानुसार सप्टेंबर २०१६ अखेर लष्कराच्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरला नसता. तोफगोळे होते, पण त्यांच्या टोकाला बसवायचे फ्यूज अपुरे होते, हेही महालेखापालांनी नोंदवले. पोलादी देह तयार आणि ठिणगी नाही! त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, स्वदेशी उत्पादन वाढले, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यात आहे. १८६९ पासूनचा खडकीचा कारखाना, वरणगाव, देहूरोड, भंडारा, चंद्रपूर हे सारे तिच्या पदराखाली येतात. देशाच्या दारूगोळ्याचा मोठा भार महाराष्ट्र उचलतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर येथील स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले, ते याच भाराचे मोल होते.

स्वदेशीकरणाच्या यादीत किती तोफा आणि किती गोळे चढले, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. गोळ्याच्या पोटातील दारू, तिच्यातील नायट्रोसेल्युलोज आणि त्यासाठी लागणारा कापूस कोठून येतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या कामाला वस्त्राचा लांब धाग्याचा कापूस लागत नाही. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव लागते. व्यापारात तिला लिंटर म्हणतात. युरोपची या लवेची सत्तर टक्क्यांहून अधिक गरज चीनमधून भागते, असे जर्मनीच्या राइनमेटाल कंपनीचे प्रमुख आर्मिन पापरगर यांनी २०२४ मध्ये सांगितले, तेव्हा तिकडे खळबळ उडाली. ज्या देशाविषयी सावध राहण्यासाठी गोळे बनवायचे, गोळ्यांचा कच्चा माल त्याच्याचकडून घ्यायचा, असा तो प्रकार होता.

महाराष्ट्रातील कापसाखालचे क्षेत्र देशात सर्वाधिक गणले जाते, आणि विदर्भ-खानदेशात सरकीचे ढीग दरवर्षी लागतात. लव वेगळी काढून, टरफल सोलून मग तेल गाळण्याची शास्त्रीय पद्धत भारतात उपलब्ध आहे. मुंबईची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था या विषयावर काम करत आली आहे. तरीही देशातील बहुतांश सरकी लवेसकट आणि टरफलासकट भरडली जाते. गोपालकांना तीच पेंड पसंत पडते. लव काढण्याची यंत्रे महाग आहेत, आणि त्या लवेला शांततेच्या काळात बांधील गिऱ्हाईक कोण, हे तेलगिरणीच्या मालकाला कोणी सांगितलेले नाही. तेव्हा अकोला-अमरावतीकडील ही लव सध्या पेंडीतून जनावरांच्या गव्हाणीत जाते.